अक्षर लेकीचे आहे

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलीला दोन वेळा ‘नीट’ परीक्षा देऊनही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले नाही, तिसऱ्या खेपेसाठी तुम्ही दीड एकर वावर गहाण टाकायला निघाला आहात आणि ती मात्र ‘पांढऱ्या पेशी सोडतात त्या बारीक पुड्यांचा’ अभ्यास करायचा म्हणते, म्हणून मी तिची समजूत घालावी, अशी तुमची विनंती आहे. पत्राखाली तुम्ही लिहिले आहे की, तुम्ही सांगत गेलात आणि तिने लिहून घेतले. म्हणजे ‘आजीच्या मरणाचे पोरीला काही वाटत नाही’ हे वाक्य तिने तुमच्यासमोर बसून, स्वतःच्या हाताने लिहिले आहे. तिथे पेन थांबल्याने शाईचा ठिपका पसरला आहे. तिच्या गुणांपेक्षा मला त्या ठिपक्याची काळजी अधिक वाटते.

तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापायी तोंडाच्या कॅन्सरने तुमची आई गेली, हे दुःख मोठे आहे. पण त्याची फेड लेकीच्या नीटच्या गुणांतून मागणे हा तिच्यावर अन्याय आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

‘कॅन्सरशी लढायचे तर डॉक्टरच व्हावे लागते,’ हा तुमचा समज चुकीचा आहे. मुलगी ज्यांना पुड्या म्हणते त्यांना एक्झोसोम म्हणतात. साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढ्या या पिशव्या पेशी बाहेर सोडतात. नैसर्गिक मारक पेशी, बी पेशी आणि टी पेशी हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार. त्यांपैकी मारक पेशींच्या पिशव्यांत पर्फोरिन आणि ग्रान्झाइम ही प्रथिने असतात. पहिले कर्करोगी पेशीच्या आवरणाला भोके पाडते, तर दुसरे आत शिरून तिला मरण पत्करायला लावते. बी पेशींच्या अशा पिशव्या टी पेशींना जागे करू शकतात, हे 1996 मध्ये ग्रासा रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि रापोसो या पेशीशास्त्रज्ञ आहेत. कॅन्सरच्या पेशीही उलट आपल्या पिशव्या सोडून प्रतिकारशक्तीला थोपवतात, आणि या पिशव्यांचा उपचार म्हणून वापर अजून दवाखान्यात नित्याचा झालेला नाही. जे काम उरले आहे, तेच तुमच्या मुलीला करायचे आहे. आजीच्या मरणाचे तिला काही वाटत नाही, असे तुम्ही कशावरून म्हणता?

आयसर आणि नायसर या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्था आहेत. आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसरसाठी नेस्ट, नाहीतर अमरावतीला किंवा नागपूरला बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम, असे रस्ते आहेत. बारावीच्या वर्षाची अट मात्र माहितीपत्रकात आधी पाहून घ्या. वाट लांबची आहे, पीएच.डी. धरून दहा वर्षे सहज जातात, परंतु सीएसआयआर-नेट या परीक्षेतून संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली, तर दरमहा 37,000 रुपये हाती येतात आणि त्यासाठी वावर गहाण टाकावे लागत नाही.

सावकाराकडे जाण्याचे तेवढे थांबवा. पुढचे पत्र तिला तिच्या मनाने लिहू द्या आणि ती लिहीत असताना शेजारी बसू नका.