ट्रकला कसलं आलंय करिअर?

गगनबावड्याच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय : 'द ट्रक करिअर्ड डाउन द घाट' असं इंग्रजी बातमीत वाचलं. ही छपाईची चूक का? नसेल तर हे क्रियापद वाक्यात कसं वापरायचं?

चूक नाही. करिअर हे इंग्रजीत क्रियापदही आहे. अर्थ, ताबा सुटून सुसाट धावणं. नोकरीधंद्याची वाटचाल हा अर्थ तर एकोणिसाव्या शतकात रुळला. शब्द इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, फ्रेंचांकडून. तिकडे त्याचा संबंध घोडदौडीच्या मैदानाशी. मुळाशी लॅटिनमधली चाकांची गाडी आहे, म्हणजे आपली कारही याच भावकीतली.

मराठीत याला सर्वांत जवळचं क्रियापद उधळणे. बैल उधळला, घोडा उधळला. नुसता वेग असून भागत नाही, आवर सुटलेला पाहिजे. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं पळतात ते आठवा. मालकाच्या गाडीमागं नीट पळणाऱ्या म्हशीला हे क्रियापद लावू नका, तिथं 'रॅन' पुरे. पण तीच बिथरून लोकांत घुसली तर 'द बफेलो करिअर्ड इनटू द क्राउड' हे वाक्य चपखल. पोलीस भरतीसाठी घड्याळ लावून १६०० मीटर पळणारी पोरंही यात बसत नाहीत, अकॅडमीच्या पाटीवर 'करिअर' कितीही मोठ्या अक्षरात असलं तरी!

आता वाक्यरचना. क्रियापद अकर्मक आहे. 'द ड्रायव्हर करिअर्ड द बस' असं लिहू नका. गंमत म्हणजे उधळणेचंही तसंच आहे : बैल उधळला म्हणजे बेफाम पळाला, कर्म जोडून गुलाल उधळला म्हटलं की अर्थच पालटतो. इंग्रजीत दुसऱ्या कशामुळे गाडी अशी सुटली हे सांगायचं तर 'सेंड'ची मदत घेतात : 'द कोलिजन सेंट द जीप करिअरिंग इनटू अ वॉल'. आणि क्रियापदामागं दिशा सांगणारा शब्द लागतोच, डाउन, ऑफ, अक्रॉस, इनटू, काहीही. 'द ट्रक करिअर्ड' एवढ्यावर थांबलात तर वाचणारा विचारेल, कुठं?

या अर्थानं तुम्हाला 'करीन' (careen) हेही इंग्रजी क्रियापद दिसेल, अमेरिकी लिखाणात जास्त. ते मुळात जहाजाचं : तळ खरवडायला, डागडुजी करायला जहाज एका कुशीवर कलतं करणं. कलंडत धावणाऱ्या गाड्यांना ते लागू झालं आणि अमेरिकेत करिअरच्या जागी बसलं. काही ब्रिटिश वाचकांना ते अजून खटकतं. पेपर ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीचा असेल तर करिअरच लिहा.