पिट्सबर्गच्या जुन्या काउंटी कोर्टात शिरताना तळघरात शिरल्यासारखं का वाटतं?

तुमचा प्रश्न असा की ॲलेगेनी काउंटी कोर्टाची इमारत एवढी नावाजलेली, मग ग्रँट स्ट्रीटवरून आत जाताना दार ठेंगणं आणि कोंदट का वाटतं? कारण ते खरंच तळघर आहे!

आधीचं कोर्ट ७ मे १८८२ला आगीत गेलं. नव्यासाठी एच. एच. रिचर्डसन या वास्तुविशारदाची निवड झाली. १८८४ ते १८८८ बांधकाम चाललं, पण रिचर्डसनला ते पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही. एप्रिल १८८६मध्ये, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. त्याच्या हाताखालच्या मंडळींनी काम तडीस नेलं.

त्या काळी कोर्टासमोरचा रस्ता टेकडीवरून जायचा. तो चढ वाहतुकीला जाचक, म्हणून १९१२-१३च्या सुमारास शहराने टेकडीच छाटली. रस्ता जवळपास मजलाभर खाली गेला, इमारत होती तिथेच राहिली आणि मुख्य दारं अधांतरी लोंबकळली. आधी बाहेरून जिना जोडला. पुढे रस्ता रुंद करताना तोही काढला आणि तळघरातून वाट केली. फुटपाथवर उभं राहून मान वर करा. डोक्यावर दिसणाऱ्या कमानी म्हणजे रिचर्डसनचं खरं प्रवेशद्वार. इतक्या देखण्या दर्शनी भागाची ही गत झाली, याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून ही इमारत रस्त्यावरून जोखू नका, सरळ आतल्या चौकात जा. आपल्या वाड्यासारखाच हा चौक: चारी बाजूंच्या खोल्यांना उजेड इथूनच मिळतो. ओबडधोबड ठेवलेले ग्रॅनाइटचे चिरे, त्यांत मजल्यामागून मजला चढत गेलेल्या कमानींच्या खिडक्या. इथून समोरचा उंच मनोराही नीट दिसतो. तो नुसत्या शोभेचा नाही. पोलादाच्या या शहरात धूर आणि काजळी इतकी, की स्वच्छ हवा वरूनच घ्यावी लागे. ती या मनोऱ्यातून खाली आणून इमारतभर फिरवायची आणि वापरलेली हवा मागच्या दोन मनोऱ्यांतून बाहेर सोडायची, अशी योजना होती. १८८०च्या दशकातली ही सोय!

मागच्या रॉस स्ट्रीटवरही एक चक्कर मारा. कोर्टातून तुरुंगात कैदी नेण्यासाठी रस्त्यावरून बांधलेला बंदिस्त दगडी पूल तिथे आहे, व्हेनिसच्या प्रसिद्ध पुलाच्या धर्तीवर. तो तुरुंगही रिचर्डसनचाच. १९९५मध्ये कैदी नव्या इमारतीत हलवले. आता तिथे कौटुंबिक न्यायालय भरतं आणि कोठड्यांचा एक भाग मुद्दाम जतन करून ठेवलाय.