परीक्षेची रीत आणि गावातली लेकरं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांत काळजी एकच आहे: वर्गात हुशार असलेलं लेकरू बाहेरच्या परीक्षेत मागे का पडतं? बहुतेक वेळा ज्ञान कमी नसतं, परीक्षेची रीत अनोळखी असते. आणि रीत शिकवता येते.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे, वर्गात पहिली येते. नवोदयच्या (केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या) प्रवेश परीक्षेच्या सराव चाचणीत मात्र चाळिशीही गाठत नाही. शिकवणीची ऐपत नाही. नाद सोडावा का?
*– एक आई, घाटंजी तालुका*

ताई, नाद अजिबात सोडू नका. आधी गुण कुठे जातात ते पाहा. नवोदयला ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात. त्यातले ४० प्रश्न निव्वळ आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. अंकगणित आणि भाषा यांचे प्रत्येकी २०. म्हणजे अर्धा पेपर तिच्या पाठ्यपुस्तकात नाहीच. पहिली येणारी मुलगी तिथे अडखळली तर नवल काय? रद्दी कागद घ्या, घडी घाला, पेन्सिलीने भोक पाडा आणि उलगडण्याआधी तिला चित्र काढायला लावा. याला शिकवणी लागत नाही.

दुसरी गळती उत्तरपत्रिकेवर होते. तिथे प्रश्नाच्या क्रमांकापुढचा गोल रंगवून उत्तर द्यायचं असतं. मध्यंतरी एका मुलाची सरावाची उत्तरपत्रिका मी कच्च्या कामाशी ताडून पाहिली. चौदावा प्रश्न त्याने सोडला होता, पण पंधराव्याचं उत्तर चौदाव्याच्याच गोलात भरलं, आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. कच्च्या कामात गणितं बरोबर होती! दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा आणि गोलाचा क्रमांक बोटाने जुळवून पाहायची सवय लावा. बैठक क्रमांक इंग्रजी अंकांत भरायचा असतो, तोही हात बसू द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. ‘आता तालुक्याच्या इंग्रजी शाळेत टाका’ असा सल्ला कोणी दिला तर हे आधी आठवा. संधी एकदाच मिळते. परीक्षा हिवाळ्यात, ऐन वेचणीच्या दिवसांत येते. तेवढा महिना तिला वावरात नेऊ नका, ही हात जोडून विनंती. एवढं करूनही निवड झाली नाही तर तिला बोल लावू नका. एका नवोदय शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात आणि अर्ज अख्ख्या जिल्ह्यातून येतात.

मुलगा अनुदानित शाळेत आठवीत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेला बसतोच आहे, मग एनएमएमएस (आठवीतल्या गरजू मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) कशाला?
*– एक शेतकरी, दारव्हा*

दादा, दोन्ही द्या. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात. शिष्यवृत्तीचा बुद्धिमत्तेचा अभ्यास इथेही कामी येतो. निवडीनंतर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. तो राहिला की हक्काचे पैसे अडकतात.

पुतणी पुण्यात सीबीएसईला, माझा मुलगा गावात राज्य मंडळाला. दोघंही दहावीत. घरात सारखी तुलना चालते. खरी हुशारी कशी मोजायची?
*– एक वडील, आर्वी*

टक्के शेजारी ठेवून तर नाहीच. दोन्हीकडे लेखी ८० आणि अंतर्गत २० अशीच विभागणी आहे, पण प्रश्नांचा पोत निराळा. सीबीएसईच्या दहावीच्या पेपरात निम्मे प्रश्न उपयोजनाचे असतात: उतारा, तक्ता किंवा प्रसंग देऊन त्यावर विचारलेले. आपल्याकडे बराचसा पेपर पुस्तकातल्या स्वाध्यायांच्या वळणाने जातो. मुलाला अनोळखी तक्ता वाचायची सवय हवी असेल तर बाजार समितीचे कापसाचे आठवड्याचे भाव त्याच्यापुढे ठेवा. सरासरी काढ, कुठल्या दिवशी विकला असता तर किती फरक पडला असता ते सांग, म्हणा. आणि भावाकडे गेल्यावर मुलासमोर टक्क्यांचा विषय काढू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला ते फार लागतं.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत ९१ पर्सेंटाइल आले, पण गुण तर बरेच कमी आहेत. असं कसं?
*– एक विद्यार्थी, वरोरा*

९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के गुण नव्हेत, तर तुझ्या सत्रात बसलेल्यांपैकी ९१ टक्के मुलं तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण मिळवणारी. सत्रं अनेक, पेपर वेगळे, म्हणून असा हिशेब करतात. पुन्हा बसणार असशील तर गणितावर जोर दे: तिथे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. तो पेपर फक्त इंग्रजीत असतो. आधी संगणकावर सराव चाचण्या दे आणि उन्हाच्या दिवसांत केंद्राच्या गावी आदल्या संध्याकाळीच पोहोच.

माझ्या तिसरीच्या वर्गात बरीच मुलं घरी कोरकू बोलतात. चाचण्या मराठीत येतात, निकाल वाईट दिसतो. ‘परख’सारख्या देशभरातल्या शालेय सर्वेक्षणासाठी मुलांकडून घोकून घ्यावं का?
*– एक शिक्षिका, धारणी*

नका घेऊ, बाई. ‘परख’चं सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांत झालं. व्यवस्थेचं चित्र पाहणं हा त्याचा हेतू. एकेका मुलाला पास-नापास करणं नव्हे. घोकंपट्टीने ते चित्रच खोटं होतं.

तुमची खरी अडचण भाषेची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ‘पाच शेळ्यांना रोज प्रत्येकी दोन पेंढ्या लागतात, तर आठवड्याला किती?’ हे आधी मराठीत छापलेलं द्या. जो अडला त्याला तेच कोरकूत विचारा. सत्तर म्हणाला तर त्याचं गणित पक्कं आहे, कच्चं आहे ते मराठी वाचन. वहीत दोन रकाने करा, भाषा आणि गणित, आणि प्रत्येक मुलापुढे दोन्ही नोंदी ठेवा. मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह शिक्षण हक्क कायद्यानेच, शक्य असेल तिथवर, धरला आहे. त्यामुळे वर्गात कोरकू बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. केंद्रप्रमुखांनी निकालाचा जाब विचारला तर ही वही त्यांच्यापुढे ठेवा आणि कोरकू जाणणारी मदतनीस मागा.