४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर फोटो सुधारण्यासाठी कोणते हलके सॉफ्टवेअर निवडावे?

आपण लिहिले आहे की गुहागरजवळ आपला होमस्टे आहे, लॅपटॉप दहाएक वर्षांचा असून त्यात ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे, आणि मोबाइलवर काढलेले खोल्यांचे, अंगणाचे व समुद्राचे फोटो जाहिरातीसाठी नीटनेटके करायचे आहेत. मात्र फोटोशॉप उघडले की यंत्र हँग होते. रत्नागिरीत डीटीपीचे काम करताना अशी यंत्रे रोज हाताखालून जातात, त्यावरून माझे मत सांगतो. आपण रोजच्या कामासाठी पेंट डॉट नेट घ्यावे, फोटोवर मराठी मजकूर घालायचा असेल तेव्हा गिंप वापरावे आणि फोटोशॉपचा नाद सोडावा. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या किमान ८ जीबी रॅम मागतात, त्यामुळे यात आपल्या लॅपटॉपचा काही दोष नाही.

तरीही सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा आपण त्याच्यापुढे किती मोठा फोटो ठेवतो, याला अधिक महत्त्व आहे. फाइल डिस्कवर सात-आठ एमबीची दिसते म्हणून ती हलकी वाटते, पण जेपीईजी हे दाबून ठेवलेले रूप असते आणि संपादनासाठी उघडताच तो फोटो पूर्ण आकाराने रॅममध्ये पसरतो. मोबाइलच्या ५० मेगापिक्सेल सेटिंगवर काढलेला फोटो साधारण ८१६० बाय ६१२० पिक्सेलचा असतो. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकच थर (लेयर) सुमारे २०० एमबी खातो. त्यावर दुसरा थर चढवला, केलेले बदल चार वेळा मागे-पुढे केले, की विंडोजने आधीच व्यापलेली रॅम संपते आणि सारा भार हार्ड डिस्कवर जातो. यंत्र हँग होते ते इथे. तोच फोटो आधी २००० बाय १५०० पिक्सेलचा केला तर थर १२ एमबीचा होतो, आणि होमस्टेच्या पानावर किंवा मोबाइलवर दाखवायला एवढा आकार भरपूर आहे. म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये तसेच ठेवावेत, त्यांची प्रत काढून लहान करावी आणि मगच रंग-उजेडाला हात लावावा. रस्त्याकडेला लावायचा फ्लेक्स करायचा असेल तर मात्र मूळ फाइलच द्यावी. फोटो लॅपटॉपवर आणताना केबल वापरावी, कारण व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो वाटेतच तपशील गमावून येतो.

पेंट डॉट नेटची सुरुवात २००४ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतील विद्यार्थी-प्रकल्प म्हणून झाली. त्याच्या संकेतस्थळावरून मिळणारी आवृत्ती व्यवसायासाठीही विनामूल्य आहे; मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये तेच सॉफ्टवेअर पैसे देऊन मिळते. घेण्यापूर्वी आपले विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे, कारण पाचव्या आवृत्तीपासून ते फक्त ६४ बिटवर चालते. ३२ बिट असल्यास ४.३.१२ ही जुनी आवृत्ती शोधावी लागेल.

कोकणातल्या घरांचा नेहमीचा प्रश्न असा की पडवीतून फोटो काढला की समोरचे अंगण आणि समुद्र पांढरेफटक होतात आणि जांभ्याची भिंत, झोपाळा, बाक सारे काळोखात जाते. अशा वेळी ब्राइटनेसची पट्टी सरसकट उजवीकडे ओढू नये, त्याने आकाश आणखी उडते. पेंट डॉट नेटमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम ही बटणे एकत्र दाबली की उजेड-सावली बदलणारी कर्व्ह्जची चौकट उघडते. तिथल्या तिरप्या रेषेचा डावीकडचा खालचा भाग किंचित वर उचलावा आणि वरच्या टोकाजवळ एक बिंदू देऊन रेषा तिथे जागच्या जागी धरून ठेवावी. भिंतीचा तांबूस पोत दिसू लागतो आणि आकाश आहे तसे राहते. पोफळीच्या बागेत माणसांच्या चेहऱ्यांवर हिरवट झाक येते, तीही याच चौकटीत आरजीबी (लाल, हिरवा, निळा) निवडून हिरव्याची रेषा जराशी खाली घेतली की निवळते. समुद्राची रेषा तिरकी असेल तर लेयर्स मेनूमधील रोटेट-झूमने ती आधी सरळ करावी. पाहुण्यांच्या नजरेला तेच पहिल्यांदा खुपते. जुन्या लॅपटॉपचा पडदा मान जरा वरखाली केली तरी वेगळा रंग दाखवतो, त्यामुळे शेवटचा निर्णय फोटो मोबाइलवर पाहूनच घ्यावा.

इरफानव्ह्यू पेंट डॉट नेटहूनही हलके आहे. १९९६ पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर अवघ्या काही एमबीचे असून, बी हे अक्षर दाबले की संपूर्ण फोल्डरमधील फोटो एकदम लहान करण्याची सोय उघडते. पण ते फक्त खासगी वापरासाठी फुकट आहे. आपला उपयोग धंद्याचा असल्याने परवान्याचे पैसे भरावे लागतील. फास्टस्टोन या तशाच सॉफ्टवेअरलाही हेच लागू आहे.

गिंप आपल्या यंत्रावर उघडायला वेळ घेईल, तेवढा द्यावा. 'खोल्या मिळतील' किंवा 'घरगुती जेवणाची सोय' असा मजकूर फोटोवर घालायचा झाला तर त्यात युनिकोड फॉन्टची जोडाक्षरे व वेलांट्या बिनचूक उमटतात. (फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी वेगळी सेटिंग बदलावी लागते, आणि ती ठाऊक नसल्याने फुटलेल्या अक्षरांचे फलक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.) गिंपच्या सेटिंगमध्ये सिस्टम रिसोर्सेसखाली टाइल कॅश (फोटोसाठी वापरायच्या रॅमची मर्यादा) असते, ती १ जीबीच्या आसपास ठेवावी आणि मागे जाण्याच्या पायऱ्याही कमी कराव्यात.

कोणी फोटोशॉपची पीएसडी फाइल पाठवली तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी उपयोगी पडते. त्यात फोटो कोणाच्या सर्व्हरवर जात नाहीत, काम आपल्याच यंत्रात होते. मात्र त्यामुळेच रॅमही आपलीच खर्च होते, ब्राउझर स्वतः आणखी खातो आणि सुरुवातीला नेट लागतेच. पावसाळ्यात रेंज गेली की काम अडते, म्हणून त्याला मुख्य साधन करू नये.

थोडा खर्च करण्याची तयारी असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवावी आणि जागा असल्यास रॅम ८ जीबी करावी. माझ्या मते कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा याचा फरक जास्त जाणवतो. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करत असाल तर एसएसडी बसवताना विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकण्याचा विचार करावा. गिंप तिथेही चालते, पेंट डॉट नेट मात्र चालत नाही. आणि बॅटरी बसली असेल तर जूनच्या आत बदलून घ्यावी किंवा छोटा यूपीएस लावावा, कारण वीज गेल्यावर जतन न केलेले काम यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर परत आणून देईल असे धरून चालता येत नाही.