पशुवैद्यकीय दवाखान्यात एक्स-रे आणि सोनोग्राफीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा दवाखाना तालुक्याच्या गावी, कुत्री-मांजरं आणि गाई-म्हशी दोन्ही येतात, आता एक्स-रेची कॅसेट सोडून डीआर (फोटो थेट कॉम्प्युटरवर आणणारी डिजिटल एक्स-रे यंत्रणा) घेताय आणि सोनोग्राफीचं मशीन आधीपासून आहे. डीआर विकणारा म्हणतो आमचंच सॉफ्टवेअर घ्या. दुसरा एक जण क्लाउड आणि एआयचं पॅकेज घेऊन मागे लागलाय. यातलं कोणतं, असा तुमचा प्रश्न. माझीही अशीच मिश्र प्रॅक्टिस आहे, त्यामुळे सरळ सांगतो: दोघांनाही आधी एवढंच विचारा, ‘उद्या तुमच्याकडून निघायचं ठरवलं तर माझे फोटो बाहेर कसे काढायचे?’ फीचरची यादी नंतर बघू.

विक्रेते तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकतात. पहिली, पॅनेलवरून (म्हणजे एक्स-रे टिपणाऱ्या डीआरच्या पाटीवरून) फोटो घेणारं सॉफ्टवेअर. हे पॅनेलबरोबरच येतं, सहसा बदलता येत नाही. दुसरी, फोटो साठवणारा सर्व्हर, म्हणजे पॅक्स. तिसरी, फोटो उघडून मोजमाप करायचा व्ह्यूअर. पहिल्यात तुम्हाला फारसा पर्याय नाही, खरी निवड दुसऱ्या-तिसऱ्यात आहे, आणि तिथे पॅनेलवाल्याकडूनच घ्यायची कुठलीही सक्ती नाही.

पहिल्याबद्दल मात्र एक आग्रह धराच: प्राण्यांसाठीची आवृत्ती मागा. माणसांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘छाती, उभं राहून’ असले पर्याय असतात. पाच किलोचा स्पिट्झ आणि चाळीस किलोचा लॅब्राडोर यांना तेच एक्सपोजर आणि तीच प्रतिमा-प्रक्रिया लागली की फुप्फुसं एक तर काळीकुट्ट नाही तर धुरकट. प्राण्यांच्या आवृत्तीत जात आणि वजनानुसार सेटिंग असतात, आणि लॅटरल (कुशीवरच्या) फोटोत डोकं डावीकडे, व्हीडीत (पाठीवर झोपवून घेतलेल्या फोटोत) डोकं वर आणि प्राण्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला, अशी मांडणी आपोआप होते. डावं-उजवं दाखवायला तरीही शिशाचा मार्करच ठेवा. सॉफ्टवेअरने नंतर टाकलेलं ‘एल’ अक्षर चुकीच्या बाजूलाही तितक्याच आत्मविश्वासाने बसतं.

आता डायकॉम, म्हणजे वैद्यकीय फोटो माहितीसकट साठवायची आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवायची सामायिक पद्धत. १९८५ च्या जुन्या मानकातून १९९३ मध्ये डायकॉम या नावाने जे उभं राहिलं, ते आज सगळी मशीनं बोलतात. निदान बोलतो असं माहितीपत्रकात छापतात. प्राण्यांसाठी त्यात वेगळे रकाने आहेत: प्रजाती, जात, नसबंदी झाली की नाही, आणि जबाबदार व्यक्ती, म्हणजे मालक. वयही दिवस, आठवडे, महिने, वर्षं अशा एककांत लिहिता येतं, त्यामुळे सहा आठवड्यांचं पिल्लू ‘शून्य वर्षं’ होत नाही. स्वस्तातली सॉफ्टवेअरं यातलं बरंच भरत नाहीत आणि सगळा मजकूर नावाच्या रकान्यात कोंबतात. आपल्याकडे टायगर, मोती, राजा, ब्रुनो एवढ्याच नावांवर अर्धी नोंदवही भरते; गाईंना तर बहुतेक वेळा नावच नसतं, कानातला बिल्ला असतो. म्हणून नावावर भरवसा नको. प्रत्येक जनावराला कायमचा नंबर द्या (गाईंसाठी बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वापरता येतो). बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून तो नंबर डीआरच्या पडद्यावर आपोआप उतरतो का, ते विचारा. या सोयीला वर्कलिस्ट म्हणतात. ती नसेल तर नंबर हाताने टाइप होणार, आणि गर्दीच्या वेळी एकाच कुत्र्याच्या तीन नोंदी तयार होणार.

डेमोच्या दिवशी विक्रेत्याच्या लॅपटॉपवरच्या देखण्या फोटोंकडे बघत बसू नका. तुमच्याच एखाद्या कुत्र्याचे दोन-तीन फोटो घ्यायला लावा, ते पेनड्राइव्हवर डायकॉममध्ये काढायला सांगा आणि तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच व्ह्यूअरमध्ये उघडा. वीडिस फुकट आहे. रेडिअँट विकतचा आहे, पण चाचणीसाठी मिळतो. मॅक असेल तर होरॉस. प्रजाती, जात, वय, तारीख नीट दिसतात का? मार्कर जागेवर आहे का? मोजमापं आणि बाण फोटोवर कायमचे छापले गेलेत की वेगळे काढता येतात? ‘एक्स्पोर्ट आहे ना’ म्हणून फक्त जेपीजी दिलं, तर तिथेच थांबा.

जेपीजीवर माझा इतका राग का, तर मोजमापासाठी. त्यातही फरक आहे. हृदयाचा आकार मोजायची व्हीएचएस पद्धत (बुकॅनन आणि ब्युशेलर, १९९५) हृदयाची लांबी-रुंदी त्याच कुत्र्याच्या मणक्यांत मोजते. सरासरी ९.७ मणके, साधारण १०.५ पर्यंत नॉर्मल धरतात. काही जातींत नॉर्मलच जास्त असतं. हे गुणोत्तर आहे, त्यामुळे स्केल हरवलं तरी बिघडत नाही. हिप डिस्प्लेझियासाठीचा (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष) नॉरबर्ग कोन (१०५ अंश किंवा जास्त म्हणजे ठीक) हाही कोनच, त्यालाही स्केल लागत नाही. पण हाडात बसवायची प्लेट निवडायची असेल किंवा मूत्राशयातल्या खड्याचा आकार हवा असेल, तर खरे मिलिमीटर लागतात. जेपीजीत ते उरतच नाहीत. डायकॉममध्ये असतात, पण तेही पॅनेलच्या पृष्ठभागावरचे. मोठ्या कुत्र्याचा खुबा पॅनेलपासून वर असतो, म्हणून तो खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. उपाय सोपा: माहीत असलेल्या मापाचा, बहुधा २५ मिलिमीटरचा, धातूचा गोळा हाडाच्याच उंचीवर ठेवून फोटो घ्यायचा आणि त्यावरून व्ह्यूअरला माप शिकवायचं. तुमच्या व्ह्यूअरला हे येतं का, ते तपासा. ऑर्थो (हाडांच्या शस्त्रक्रिया) करणार नसाल तर हा मुद्दा सोडून द्या.

साठवणुकीचा हिशोब विक्रेते घाबरवतात तेवढा मोठा नाही. १४ बाय १७ इंची पॅनेलचा एक फोटो कॉम्प्रेस न करता साधारण १५ एमबी. दिवसाला दहा फोटो आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर ४५ जीबी. एवढ्यासाठी दरमहा भाडं भरायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. जागा खाते ती सोनोग्राफी: तीन सेकंदांची रंगीत क्लिप कॉम्प्रेस न करता शंभर एमबीच्या वर जाते. क्लाउड वाईट नाही, पण लाइट गेली आणि नेट बसलं की आधीचे फोटो दिसेनासे होतात, म्हणून एक प्रत दवाखान्यात हवीच. आमच्याकडे एका जुन्या डेस्कटॉपवर ऑर्थँक चालतो. हा बेल्जियमच्या लीज विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला मोफत डायकॉम सर्व्हर आहे. बसवायला थोडं कॉम्प्युटरचं ज्ञान असलेला माणूस लागतो, पण एकदा बसला की बसला. त्याला यूपीएस द्या आणि रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप ठेवा.

सोनोग्राफी मशीनचं मात्र आधी बघा. बऱ्याच पोर्टेबल मशीनमध्ये डायकॉम पाठवायची सोय असते, पण तिचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. ते नसेल तर कितीही महागडं पॅक्स घ्या, फोटो पेनड्राइव्हनेच फिरणार.

एआयबद्दल. माणसांच्या उपकरणांना अमेरिकेत एफडीए या सरकारी नियामक संस्थेची मंजुरी लागते, प्राण्यांच्या उपकरणांना विक्रीपूर्व मंजुरी लागतच नाही. अमेरिकन आणि युरोपीय पशुवैद्यकीय रेडिओलॉजिस्टांच्या दोन संस्थांनी २०२५ मध्ये संयुक्त निवेदन काढलं, त्यात बाजारातलं एकही उत्पादन पारदर्शकता, पडताळणी आणि सुरक्षिततेच्या अपेक्षित पातळीला पोहोचलेलं नाही असं म्हटलं आहे. रात्री अकराला दुसरं मत म्हणून बघायला हरकत नाही, पण त्यासाठी जास्तीचं पॅकेज मी घेणार नाही. तेवढ्या पैशांत अवघड केसेस खऱ्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवा. पाठवताना डायकॉमच पाठवा. व्हॉट्सॲपशिवाय इलाज नसेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकण्याआधी कोपऱ्यातलं मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर झाका, हे कोणीच करत नाही.

तुमच्या जागी मी डीआरवाल्याकडून पॅनेल आणि त्याचं प्राण्यांचं सॉफ्टवेअर घेईन, साठवण स्वतःची ठेवेन, व्ह्यूअर एक चांगला विकतचा घेईन आणि क्लाउडवाल्याला सध्या थांबायला सांगेन. ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: दुसऱ्या वर्षापासून एएमसी (वार्षिक देखभालीचा खर्च) किती, लायसन्स डोंगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) की कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटर जळाला तर पुन्हा बसवायचे पैसे लागतात का, आणि करार संपल्यावर सगळे फोटो डायकॉममध्ये किती दिवसांत मिळतील. सोनोग्राफी मशीनचं मॉडेल खाली लिहिलंत तर त्यात डायकॉमचा पर्याय आहे का, ते बघून सांगतो.