साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली पहिली मराठी कादंबरी कोणती?

वि. स. खांडेकरांची 'ययाति', साल 1960. अकादमीचे पुरस्कार 1955 पासून सुरू झाले, पण मराठीत सुरुवातीला मान मिळाला तो वैचारिक लेखनाला. पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास'ला, पुढचा मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'ला. 'ययाति'नंतर मात्र 1963 ला पेंडशांची 'रथचक्र', लगेच 1964 ला रणजित देसाईंची 'स्वामी'.

कथेचं म्हणाल तर जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला 1973 चा पुरस्कार जाहीर झाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जी. एं.नी तो सरळ परत केला. माझ्या मते त्या संग्रहाची उंची पुरस्काराहून मोठीच आहे. जमलं तर आधी तोच वाचा.