नाशिकहून अंदमानला स्वतःचं स्कूबा सामान न्यायचंय, बॅग कोणती घ्यावी?

चाकांची हलकी डफल बॅग घ्या, कडक कवचाची मोठी ट्रॉली नको; देशांतर्गत विमानात बहुतेक तिकिटांवर चेक-इनला 15 किलोच मिळतात आणि रिकामी ट्रॉलीच त्यातले 4-5 किलो खाते. मी मुंबईमार्गे असंच नेतो. दोन्ही कडांना फिन्स (पायात घालायचे पंखे), मध्ये हवा पूर्ण काढलेलं बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट), भोवती वेटसूट (अंग गरम ठेवणारा डाइव्हिंगचा पोशाख). रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं उपकरण), मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) मात्र केबिन बॅगेतच. रेग्युलेटरची डस्ट कॅप घट्ट बसवा, त्याच्या नळ्या (होज) दुमडू नका, मोठ्या वेटोळ्यात ठेवा. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून. चाकू चेक-इनमध्ये. शिशाची वजनं, सिलिंडर अंदमानातल्या हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) बेटाच्या डाइव्ह सेंटरवर मिळतात, इथून ओझं वाहू नका. फक्त वजनमर्यादा तिकिटागणिक बदलते, ती आधी तपासा.